मेंदूतील पेशींचा परस्परसंवाद आणि पटलातील मार्गिका-प्रथिने

प्राणिशरीरातील प्रत्येक पेशी ही एका अर्थी तटबंदी असलेली गढीच होय. तिच्याभोवतालचे पटल जाडीने अवघे पाच ते दहा नॅनोमीटर असते. तथापि मेदद्रव्याच्या दुहेरी थराने बनलेले हे पटल सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारख्या विद्युद्भारित आयनांना जवळजवळ दुर्भेद्य असते. पेशीचे स्वत्व या तटबंदीमुळेच टिकून राहते. उलटपक्षी, मेंदूचे सारे कार्य पेशीपेशींतील अखंड संवादावर अवलंबून आहे. तेव्हा चोहोबाजूंनी बंदिस्त असलेली ही पेशी आपल्या शेजारणीशी बोलते तरी कशी, हा मज्जाशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर पटलात रोवलेल्या काही विशिष्ट प्रथिनांत सापडते. इंग्रजीत त्यांना ‘चॅनेल’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांस ‘मार्गिका’ असे संबोधिले आहे. आयन, सिनॅप्स, कनेक्सिन इत्यादी शब्द रूढ असल्यामुळे तसेच ठेविले आहेत. मार्गिकांच्या द्वारे होणाऱ्या संवादाच्या दोन पद्धती कोणत्या, त्यांपैकी एकीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष का झाले, आणि आज तिसऱ्या पद्धतीविषयी जो वाद चालू आहे त्यात पुरावा कसा पारखावा, या तीन गोष्टींचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. जुना वाद

इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्गी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी रंगविण्याची रीत शोधून काढली. या रीतीने असंख्य पेशींपैकी थोड्याच पेशी रंगतात. पण ज्या रंगतात त्या आपल्या सर्व शाखांसह काळ्याभोर उठून दिसतात. गोल्गींच्या मते मेंदूतील तंतू एकमेकांत मिसळून त्यांचे एक अखंड जाळे बनलेले असते. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच रीत वापरून नेमका उलट निष्कर्ष काढला : प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असून ती दुसरीला केवळ स्पर्श करते, तिच्यात विलीन होत नाही. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले; आणि पारितोषिक-प्रसंगीच्या व्याख्यानातही गोल्गींनी काहाल यांच्या मताचा विरोधच केला. एकाच रंगाने रंगविलेल्या काचपट्ट्या पाहून दोन थोर निरीक्षकांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढावेत, याचे कारण उपकरणाच्या मर्यादेत होते. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला साधारणपणे दोनशे नॅनोमीटरहून कमी अंतर वेगळे दाखविता येत नाही, आणि दोन मज्जापेशींमधील फट तर सुमारे वीस नॅनोमीटरचीच असते.

चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ साली या संपर्कस्थानाला ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती फट प्रत्यक्ष दाखविली आणि काहाल यांचा पक्ष प्रस्थापित झाला. मात्र फट आहे असे मानले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : ती ओलांडून संदेश जातो कसा? विद्युत्प्रवाहाच्या रूपाने, की एखाद्या रासायनिक द्रव्याच्या रूपाने? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मार्गिकांचे स्वरूप समजून घेणे इष्ट होईल.

२. मार्गिका म्हणजे काय?

मज्जापेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक, तर सोडियमचे प्रमाण बरेच कमी असते. ही विषमता राखण्यासाठी पेशीला सतत ऊर्जा खर्चावी लागते. या विषमतेमुळे आणि विश्रांत अवस्थेत पटल मुख्यतः पोटॅशियमलाच पार्य असल्यामुळे, पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या तुलनेने सुमारे सत्तर मिलिव्होल्टने ऋण असतो. पटलातून आयनांना जाण्यास वाट मिळाली की हे विभव बदलते. आणि हा बदल म्हणजेच संदेश होय.

ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्स्ली यांनी माखल्याच्या जातीतील स्क्विड या प्राण्याच्या स्थूल मज्जातंतूवर केलेले प्रयोग १९५२ साली प्रसिद्ध झाले. पटलाचे विभव इच्छित मूल्यावर स्थिर ठेवून त्यातून वाहणारा प्रवाह मोजण्याची युक्ती त्यांनी वापरली. त्यावरून असे सिद्ध झाले की, प्रथम सोडियम आत शिरतो व किंचित विलंबाने पोटॅशियम बाहेर पडतो. आणि या दोहोंच्या वाटा स्वतंत्र असून विभवाच्या बदलाने त्या उघडतात व मिटतात. या वाटा कोणत्या द्रव्याच्या बनलेल्या आहेत हे मात्र त्या वेळी ज्ञात नव्हते. एर्विन नेहर व बेर्ट झाकमान यांनी १९७६ साली काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड पटलाला चिकटवून एकेका मार्गिकेतून जाणारा प्रवाह नोंदविला, तेव्हा त्या वाटा म्हणजे स्वतंत्र रेणू आहेत याविषयी शंका उरली नाही. मार्गिका क्षणात उघडते व क्षणात मिटते. तिच्या प्रवाहाचा आलेख चढत्या-उतरत्या वक्राचा नसून पायरीसारखा असतो.

मार्गिकेची निवडशक्ती हे तिचे सर्वांत विस्मयकारक लक्षण होय. सोडियम आयन पोटॅशियमहून लहान असतो; तरीही पोटॅशियमच्या मार्गिकेतून पोटॅशियम सोडियमच्या निदान दहा हजार पट सुलभतेने जातो. मोठ्याला वाट द्यावी आणि लहानाला अडवावे, हे कसे घडते? रॉडरिक मॅकिनन व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली एका जंतूतील अशा मार्गिकेची स्फटिकरचना उलगडून या कोड्याचे उत्तर दिले. पाण्यात असताना प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते, आणि ते उतरविण्यासाठी ऊर्जा लागते. मार्गिकेच्या अरुंद भागातील ऑक्सिजन-अणू अशा नेमक्या अंतरावर बसविलेले असतात की पोटॅशियमला सोडलेल्या पाण्याची पुरेपूर भरपाई तेथे मिळते. लहान सोडियमच्या अंगाला मात्र हे अणू नीट भिडत नाहीत; त्यामुळे पाण्याचे कडे सोडून आत शिरणे त्याला परवडत नाही. अशी कडक पारख चालू असतानाही एका मार्गिकेतून एका सेकंदात कोट्यवधी आयन पार होऊ शकतात.

३. रासायनिक संदेशवहन

ओटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका हृदयाच्या भ्रमणमज्जेला उद्दीपित करून त्याची गती मंद केली, आणि त्याभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. तेव्हा दुसऱ्याचीही गती मंदावली. अर्थात संदेश द्रवात विरघळलेल्या पदार्थाने नेला होता. तो पदार्थ म्हणजे ॲसेटिलकोलिन, हे पुढे निश्चित झाले. तथापि हृदयासारख्या मंद इंद्रियात जे घडते तेच मेंदूतील क्षणार्धाच्या व्यवहारात घडत असेल, हे अनेकांना पटेना. मेंदूतील संदेशवहन विद्युत्-स्वरूपाचेच आहे असा आग्रह धरणाऱ्यांत जॉन एकल्स हे अग्रणी होते. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या सहवासात एकल्स यांना एक गोष्ट पटली होती : सिद्धान्त असा काटेकोरपणे मांडावा की प्रयोगाने तो खोटा ठरू शकेल. त्याप्रमाणे त्यांनी आपल्या मताचे पडताळ्याजोगे भाकीत केले. १९५१ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे मांजराच्या मज्जारज्जूतील पेशीत सूक्ष्म विद्युदग्र घालून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोधाच्या वेळचे विभव नोंदविले, तेव्हा ते भाकिताच्या नेमके उलट निघाले. एकल्स यांनी तत्काळ आपले मत सोडून रासायनिक पक्ष स्वीकारला.

आज या क्रियेचे टप्पे तपशिलाने ज्ञात आहेत. संदेश तंतूच्या टोकाशी पोहोचला की तेथील कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात. आत आलेल्या कॅल्शियममुळे संदेशवाहक द्रव्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाशी एकरूप होऊन रित्या होतात. ते द्रव्य फट ओलांडून पलीकडच्या ग्राहक प्रथिनांना बिलगते. यांपैकी पुष्कळ ग्राहक स्वतःच मार्गिका असतात. ग्लुटामेटने उघडणाऱ्या मार्गिकांतून सोडियम आत येतो व पेशी उद्दीपित होते; गॅबा या द्रव्याने उघडणाऱ्या मार्गिकांतून क्लोराइड जातो व प्रौढ मेंदूत सामान्यतः निरोध होतो. या साऱ्या खटाटोपास सुमारे अर्धा ते एक मिलिसेकंद लागतो. या विलंबाच्या मोबदल्यात मोठा लाभ पदरी पडतो : संदेश वाढविता येतो, उलटविता येतो आणि अनुभवाप्रमाणे बदलताही येतो. स्मृती व शिक्षण यांचा पाया या परिवर्तनक्षमतेतच शोधला जातो.

४. विद्युत्-संदेशवहन आणि जोडमार्गिका

एकल्स यांच्या मतांतरानंतर विद्युत्-पक्ष संपला असे सर्वत्र मानले जाऊ लागले. पण शास्त्रात एखादा पक्ष एका ठिकाणी हरला म्हणून तो सर्वत्र खोटा ठरत नाही. रासायनिक संदेशवहनाचे थोर पुरस्कर्ते बर्नार्ड काट्झ यांच्याच लंडन येथील विभागात काम करीत असता एडविन फर्शपन व डेव्हिड पॉटर यांना गोड्या पाण्यातील क्रेफिश या शेवंडासारख्या प्राण्यात असा एक सिनॅप्स आढळला की, जेथे विद्युत्प्रवाह एका पेशीतून दुसरीत सरळ वाहत होता. इतकेच नव्हे, तर तो एकाच दिशेने सुलभतेने वाहत होता. त्यांचा सविस्तर निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. काही वर्षांतच माशांच्या मेंदूतही असे सिनॅप्स सापडले.

या वाटेची शारीर बाजू १९६७ साली स्पष्ट झाली. झां-पॉल रेव्हेल व मॉरिस कार्नोव्हस्की यांनी लँथॅनम धातूच्या क्षाराचा उपयोग करून असे दाखविले की, जेथे दोन पटले पूर्णपणे चिकटली आहेत असे वाटे, तेथे प्रत्यक्षात अत्यंत अरुंद फट असून तीत षट्कोनी मांडणीचे कण दाटीने बसलेले आहेत. ही फट दोन ते चार नॅनोमीटरची, म्हणजे रासायनिक सिनॅप्सच्या फटीच्या फार तर पाचव्या भागाएवढी असते. अशा जोडाला ‘गॅप जंक्शन’ म्हणतात.

पृष्ठवंशी प्राण्यांत हे कण कनेक्सिन नावाच्या प्रथिनांचे बनलेले असतात. मानवात कनेक्सिनची सुमारे एकवीस जनुके आहेत, आणि प्रत्येक प्रथिनास त्याच्या रेणुभारावरून क्रमांक देतात. उदाहरणार्थ, कनेक्सिन-४३ चा रेणुभार सुमारे त्रेचाळीस हजार डाल्टन असतो. कनेक्सिनचा प्रत्येक रेणू पटलाला चार वेळा छेदून जातो. असे सहा रेणू वर्तुळाकार मांडले गेले की अर्धमार्गिका तयार होते. आणि एका पेशीची अर्धमार्गिका शेजारच्या पेशीच्या अर्धमार्गिकेशी तोंडाला तोंड लावून जडली की बारा रेणूंची पूर्ण जोडमार्गिका सिद्ध होते. कनेक्सिन-२६ च्या जोडमार्गिकेची स्फटिकरचना जपानी शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केली. तिच्या पोकळीचा सर्वांत अरुंद भाग सुमारे १.४ नॅनोमीटर व्यासाचा आहे. क्रेफिशसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांत मात्र हेच कार्य इनेक्सिन नावाची निराळी प्रथिने करतात. एकाच गरजेसाठी निसर्गाने दोन भिन्न कुळांतील प्रथिने वापरली, ही गोष्ट या संवादपद्धतीचे महत्त्व दर्शविते.

जोडमार्गिकेतून आयन तर जातातच, शिवाय सुमारे एक हजार डाल्टनपर्यंतचे लहान रेणूही जातात. प्रथिने व जनुकद्रव्य मात्र जाऊ शकत नाहीत. यावरून गोल्गी अखेर खरे ठरले, असे म्हणणे योग्य होणार नाही. पेशी स्वतंत्रच राहतात. फक्त त्यांच्या तटबंदीत एकमेकींकडे उघडणारे दिंडी-दरवाजे असतात. पेशीतील आम्लता किंवा कॅल्शियम बेसुमार वाढल्यास हे दरवाजे मिटतात, आणि अशा रीतीने मरणोन्मुख पेशीपासून शेजारणींचा बचाव होऊ शकतो.

५. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत

ही पद्धत खालच्या दर्जाच्या प्राण्यांपुरतीच असावी, असा समज पुष्कळ काळ टिकून होता. वस्तुतः सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील काही भागांत विद्युत्-जोडांचा पुरावा १९७० नंतरच्या दशकातच मिळू लागला होता. पण पेशींची ओळख पटविणारे प्रथिन हाती नव्हते. १९९८ साली मुख्यतः मज्जापेशींत आढळणारे कनेक्सिन-३६ सापडले, आणि १९९९ साली दोन स्वतंत्र संशोधक-गटांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या बाह्यकातील निरोधक पेशी एकमेकींशी विद्युत्-जोडाने बांधलेल्या असतात, असे दाखविले. ही बांधणी सरसकट नसून बहुधा एकाच प्रकारच्या पेशींत असते, हेही त्यातून निष्पन्न झाले.

या जोडांतून मंद विभवबदल चांगले पार होतात, पण क्षणिक तीव्र स्पंद पुष्कळसे क्षीण होतात. म्हणून शेजारची पेशी लगेच पेटून उठत नाही. मात्र दोघींची लय हळूहळू जुळते. कनेक्सिन-३६ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरील प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यांत निरोधक पेशींतील समकालिकता ढासळलेली दिसली, आणि डोळ्यांच्या जालपटलात मंद प्रकाशात पाहण्याची वाटही बिघडल्याचे आढळले. तथापि हे उंदीर जगले व वाढले. तात्पर्य, विद्युत्-जोड हा रासायनिक सिनॅप्सचा प्रतिस्पर्धी नव्हे. समूहाची लय राखणारा तो साहाय्यक होय.

मज्जापेशींहूनही जोडमार्गिकांची विपुलता ॲस्ट्रोसाइट या तारकाकृती आधारपेशींत अधिक आहे. कनेक्सिन-४३ व कनेक्सिन-३० यांनी या पेशींचे विस्तृत संघ बांधले जातात. मज्जापेशी क्रियाशील असताना बाहेर साचणारे पोटॅशियम दूरवर पसरविण्यास या संघांचे साहाय्य होते. तसेच ग्लुकोजसारखी पोषकद्रव्ये रक्तवाहिन्यांपासून गरजू सिनॅप्सपर्यंत पोहोचविण्याचे कार्यही ते करतात, असे २००८ साली उंदरांच्या मेंदूवरील प्रयोगांनी दाखविले.

६. अर्धमार्गिका आणि पॅनेक्सिन : पुराव्याचा प्रश्न

आता सध्याच्या वादाकडे वळू. जोडीदार न मिळालेली अर्धमार्गिका एकटीच पटलात उघडली, तर ती शेजारणीकडे न जाता बाहेरच्या द्रवात उघडेल, आणि तीतून एटीपी, ग्लुटामेट यांसारखी द्रव्ये बाहेर पडून दूरच्या पेशींना संदेश देतील. ही तिसरी संवादपद्धती होय. २००० साली पृष्ठवंशी प्राण्यांत इनेक्सिनशी नाते सांगणारी पॅनेक्सिन नावाची प्रथिने आढळल्यावर या कल्पनेला बळ मिळाले. पॅनेक्सिन-१ वर बाहेरून शर्करांचे रेणू जडलेले असल्यामुळे ते सहसा जोडमार्गिका बनवीत नाही. ते एकटेच मार्गिका म्हणून कार्य करते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या रचनांवरून तिच्यात सहा नव्हे, तर सात रेणू असतात हे दिसून आले. मृत्युपंथास लागलेल्या पेशीत या प्रथिनाचे टोक छाटले जाऊन ती मार्गिका उघडते व एटीपी बाहेर सोडते, हे चांगले सिद्ध झाले आहे.

निरोगी मेंदूत मात्र या अर्धमार्गिका किती व केव्हा उघडतात, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. अडचणीचे मूळ पुन्हा एकदा साधनांत आहे. ज्येष्ठमधातील द्रव्यापासून बनविलेले व पूर्वी जठरव्रणावर वापरले जाणारे कार्बेनोक्सोलोन हे औषध या प्रयोगांत फार वापरले गेले. परंतु ते कनेक्सिन व पॅनेक्सिन या दोहोंना रोखते, आणि त्याखेरीज कॅल्शियमच्या मार्गिका व रासायनिक सिनॅप्स यांवरही परिणाम करते. दुसरी रीत म्हणजे पेशीत रंगद्रव्य शिरते का हे पाहणे. पण रंगद्रव्याला अन्य वाटाही असतात. तिसरी गोष्ट अशी की, कनेक्सिनच्या अर्धमार्गिका सहज उघडाव्यात म्हणून प्रयोगात बाहेरील कॅल्शियम पुष्कळदा काढून टाकतात. मेंदूतील द्रवात मात्र ते नेहमीच असते, आणि त्याच्या नेहमीच्या प्रमाणात या अर्धमार्गिका बहुतांशी मिटलेल्याच असतात.

म्हणून या क्षेत्रातील कोणताही निबंध वाचताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. एक, त्या विशिष्ट प्रथिनाच्या मार्गिकेची ओळख पटविणारा विद्युत्-आलेख मिळाला आहे काय? दोन, केवळ त्या पेशीतून ते जनुक काढले असता परिणाम नाहीसा होतो काय, आणि परत घातले असता पूर्ववत् होतो काय? तीन, प्रयोगातील कॅल्शियम, पोटॅशियम व तापमान जिवंत मेंदूशी जुळणारे आहे काय? या तिहींची उत्तरे होकारार्थी असतील तरच निष्कर्ष पक्का मानावा. एकाच औषधाच्या परिणामावर उभारलेला निष्कर्ष तात्पुरताच समजावा.

७. विकृती आणि उपचार

हा काटेकोरपणा केवळ पांडित्यासाठी नव्हे. रुग्णांचे हित त्यात गुंतलेले आहे. कनेक्सिन-३२ च्या जनुकातील दोषामुळे शार्को-मारी-टूथ नावाच्या मज्जाविकाराचा एक लिंगसंलग्न प्रकार उद्भवतो, हे १९९३ साली सिद्ध झाले. येथे जोडमार्गिका दोन पेशींत नसून, मज्जातंतूला गुंडाळलेल्या एकाच पेशीच्या वेटोळ्यांमध्ये जवळची वाट म्हणून काम करते. कनेक्सिन-४७ मधील दोषांमुळे मेंदूतील मज्जावेष्टन नीट बनत नाही, हे २००४ साली कळले. कनेक्सिन-२६ मधील दोष हे तर जन्मजात बहिरेपणाचे एक प्रमुख आनुवंशिक कारण होय. भारतीय कुटुंबांतील पाहण्यांत या प्रथिनाच्या चोविसाव्या स्थानीच साखळी खंडित करणारा दोष वारंवार आढळला आहे. हा बिघाड मेंदूत नसून अंतर्कर्णात असतो, तरी परिणामतः मेंदूपर्यंत ध्वनीचा संदेशच पोहोचत नाही.

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला असता ॲस्ट्रोसाइटमधील जोडमार्गिका उघड्या राहणे हितकर की अहितकर, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंनी पडतात. त्यांतून पोषण पोहोचू शकते, तसेच घातक द्रव्येही पसरू शकतात. एकाच कनेक्सिन-४३ ची जोडमार्गिका उपकारक व अर्धमार्गिका अपकारक असेल, तर दोहोंना सारखेच रोखणारे औषध रुग्णाला तारक ठरण्याऐवजी मारक ठरण्याचा संभव आहे. कोणती वाट मिटवावयाची हे निश्चितपणे कळल्यावाचून तिला कुलूप घालणे धोक्याचे होय.

उपसंहार

सारांश, मेंदूतील पेशी रासायनिक द्रव्यांनी बोलतात, जोडमार्गिकांतून प्रत्यक्ष विद्युत्प्रवाहानेही बोलतात, आणि विशिष्ट प्रसंगी एकाकी मार्गिकांतून बाहेर सोडलेल्या द्रव्यांनीही बोलत असाव्यात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी सिद्ध आहेत. तिसरी काही बाबतींत सिद्ध व काही बाबतींत अद्याप अनुमानाच्या कोटीतील आहे. गोल्गी व काहाल यांच्या वादाचा निकाल अधिक सूक्ष्म दृष्टीच्या उपकरणाने लागला. एकल्स यांच्या मताचा निकाल त्यांच्याच काटेकोर भाकिताने लागला. आणि विद्युत्-संदेशवहनाचे पुनरुज्जीवन अनुकूल मतप्रवाहामुळे नव्हे, तर एका क्रेफिशच्या मज्जातंतूवरील स्वच्छ मोजमापामुळे झाले. अर्धमार्गिकांच्या वादाचा निर्णयही त्याच मार्गाने व्हावयास हवा.